रागाचे नियम आणि गाणाऱ्याचे स्वातंत्र्य

भूप आणि देसकार या दोन रागांचे स्वर एकच आहेत. सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर आणि पाचही शुद्ध. मध्यम आणि निषाद दोन्हीकडे वर्ज्य. कागदावर आरोह-अवरोह लिहू गेल्यास एकाची ओळ दुसऱ्याखाली जवळजवळ तशीच्या तशी उतरते. तरीही कान थोडाफार तयार असलेला श्रोता दोन-चार मिनिटांत हा भूप आणि हा देसकार, असे बिनचूक सांगतो. भूप गंधारावर विसावतो, पूर्वांगात रमतो आणि संध्याकाळचा निवांतपणा घेऊन येतो. देसकाराची सारी ओढ उत्तरांगाकडे, धैवताकडे आणि तार षड्जाकडे. त्याची वेळ सकाळची. शास्त्राने हा फरक ‘भूपाचा वादी गंधार, देसकाराचा वादी धैवत’ अशा एका वाक्यात बांधला आहे. हे वाक्य खरे आहे. पण ते पाठ करून धैवतावर दहा वेळा थांबणाऱ्या विद्यार्थ्याच्या गळ्यातून देसकार उमटेलच, अशी शाश्वती कोणी देऊ शकणार नाही. नियम अचूक असूनही त्याचे मर्म शब्दांबाहेरच राहून जाते.

कलेच्या क्षेत्रात नियम किती पाळावेत आणि स्वातंत्र्य किती घ्यावे, हा जुना वाद या लहानशा उदाहरणात सामावलेला आहे. रागसंगीतापुरते बोलायचे तर हा वाद आता केवळ पंडितांच्या परिषदांपुरता उरलेला नाही. महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्यांच्या गावांत हजारो मुलेमुली संगीताच्या परीक्षांना बसतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या आता मध्यमवर्गीय घरांत शालेय इयत्तांइतक्याच परिचयाच्या झाल्या आहेत. शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर या परीक्षांकडे पालकांचे लक्ष अधिकच वेधले गेले आहे. परिणामी रागाचे नियम म्हणजे पाठ करून गुण मिळवण्याची माहिती, असा समज नकळत रुजत चालला आहे. दुसरीकडे व्यासपीठावर आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ‘प्रयोग’ या नावाखाली कोणताही स्वर कोणत्याही स्वराला जोडण्याची मुभा घेतली जाते आणि तिला हरकत घेणारा सनातनी ठरतो. एकाला नियमाखेरीज काही दिसत नाही, दुसऱ्याला नियमच दिसत नाही. वरवर पाहता ही दोन टोके परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोहोंचा उगम एकच आहे, आणि तो म्हणजे नियमाची त्याच्या कारणापासून झालेली फारकत.

नियम लिहिले गेले तेव्हा

लिखित नियमांना आज दोष देणे सोपे आहे. पण ते नव्हते तेव्हाची स्थिती काय होती, याचे स्मरण ठेवल्याखेरीज त्यांना न्याय देता येणार नाही. एकोणिसाव्या शतकात विद्या घराण्यांच्या तिजोरीत बंद होती. उस्तादाची मर्जी असेल तर चीज मिळे. नसेल तर वर्षानुवर्षे सेवा करूनही अर्धीच मिळे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बालकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना तरुणपणी विद्येसाठी किती वणवण करावी लागली, हे सर्वज्ञात आहे. ज्याच्या पाठीशी घराणे नाही, ज्याला दरबाराचा आश्रय नाही, त्याला संगीताचा दरवाजा जवळपास बंदच होता. प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या घरांतील मुलींनी गाणे शिकावे, हा विचारच त्या काळी अनेकांना सहन होणारा नव्हता.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय प्रामुख्याने दोन विष्णूंना जाते. बालकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गुरूच्या घरी पाणी भरण्याची अट न घालता, ठरावीक शुल्क घेऊन आणि ठरावीक अभ्यासक्रम आखून संगीत शिकवता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने तेच कार्य पुढे चालवले. दुसरे विष्णु नारायण भातखंडे. मुंबईच्या वाळकेश्वरला १८६० मध्ये जन्मलेला हा वकील देशभर हिंडला, जुने ग्रंथ त्याने चाळले, गवयांना विनवून बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीत उतरवून छापल्या. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत त्यांनी शेकडो चिजा सर्वांसाठी खुल्या केल्या. गुरुशिष्य-संवादाच्या रूपात लिहिलेली त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्याला भरलेली अखिल भारतीय संगीत परिषद आणि १९२६ मध्ये लखनौला सुरू झालेले मॅरिस महाविद्यालय ही त्याच प्रयत्नांची पुढची पावले होत.

म्हणूनच नियम लिहिणे हा त्या काळी स्वातंत्र्याचा उद्योग होता. उस्तादाच्या लहरीवर अवलंबून असलेली विद्या छापील पानावर आली आणि कारकुनाच्या मुलालाही ती पाहता आली. आज नियमांना जे केवळ बेडी समजतात, त्यांनी हे विसरू नये की याच नियमांमुळे त्यांच्या आजोबांना आणि आजींना संगीताच्या अंगणात पाऊल ठेवता आले. नियम लेखी नसतात तेथे स्वातंत्र्य सर्वांचे नसते. ते बलवानांचे असते.

लक्ष्य आधी, लक्षण नंतर

पण ज्यांनी नियम लिहिले, त्यांची नियमांविषयीची दृष्टी काय होती? भातखंडे यांनी १९१०च्या सुमारास ‘चतुरपंडित’ या टोपणनावाने जो संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे नाव ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’. हे नाव सहज सुचलेले नाही. आपल्या संगीतशास्त्रात लक्ष्य आणि लक्षण असे दोन शब्द फार प्राचीन काळापासून चालत आले आहेत. प्रत्यक्ष गायले-वाजवले जाते ते लक्ष्य. त्याचे ग्रंथात बांधलेले वर्णन ते लक्षण. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने या दोहोंत लक्ष्यालाच प्राधान्य दिले आहे. प्रचारातील संगीत आणि शास्त्रवचन यांत विरोध दिसला, तर शास्त्राचा अर्थ प्रचाराला अनुसरून लावावा, असा त्याचा अभिप्राय आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर सातशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेल्या या शास्त्रग्रंथाने शास्त्राची मर्यादा स्वतःच सांगून ठेवली, ही साधी गोष्ट नव्हे.

भातखंडे याच परंपरेतले होते. त्यांची दहा थाटांची व्यवस्था अनेकांना गणिती आणि रुक्ष वाटते. परंतु भूप आणि देसकार यांचे त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. भूपाला त्यांनी कल्याण थाटात घातले आणि देसकाराला बिलावल थाटात. आता कल्याण आणि बिलावल यांत फरक केवळ मध्यमाचा: एकाचा तीव्र, दुसऱ्याचा शुद्ध. भूपात आणि देसकारात तर मध्यमच नाही! ज्या स्वरावरून थाट ठरायचा, तो स्वरच दोन्ही रागांत गैरहजर असताना ही वाटणी झाली कशी? अर्थात कानाने. भूपाची चाल कल्याणाच्या कुळाशी जुळते आणि देसकाराची बिलावलाशी, हे गाणाऱ्यांच्या गळ्यातून ऐकून त्यांनी ठरवले. हिशेबाला चिकटून राहिले असते, तर दोन्ही राग एकाच खणात टाकून ते मोकळे झाले असते. ज्यांच्या नावाने आज हिशेब घातले जातात, त्या माणसाने स्वतः हिशेबापेक्षा ऐकण्यावर अधिक भिस्त ठेवली होती.

थाटांची ही व्यवस्था अपुरी आहे, हेही खरेच. ललित रागात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात आणि पंचम तर नसतोच. सात स्वर क्रमाने मांडणाऱ्या कोणत्याही थाटात तो सुखाने बसत नाही. मधुवंतीत गंधार कोमल आणि मध्यम तीव्र, बाकीचे स्वर शुद्ध. दहांपैकी कोणत्याच थाटाचे माप तिला लागू पडत नाही. भातखंडे यांनी ललित मारवा थाटात घातला, म्हणजे त्याचा धैवत शुद्ध मानला. आज मैफलीत ऐकू येणारा ललित बहुधा कोमल धैवताचा असतो. मग चूक कोणाची? पुस्तकाची की गवयांची? प्रश्न असा विचारला की घोटाळा होतो. पुस्तकाने एका काळचे, एका परंपरेचे लक्ष्य टिपले. लक्ष्य पुढे सरकले. खुद्द शुद्ध सप्तकही असेच सरकलेले आहे. प्राचीन ग्रंथांतील शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळचे होते. आज आपण बिलावलाला शुद्ध म्हणतो. जेथे पायाच काही शतकांत बदलला, तेथे वरच्या मजल्यांच्या नियमांना त्रिकालाबाधित मानणे हे इतिहासाला धरून होणार नाही.

स्वरलिपीच्या बाबतीतही हेच. भातखंडे-पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते. बागेश्रीतील कोमल गंधाराखालीही तीच रेघ आणि दरबारी कानड्यातील कोमल गंधाराखालीही तीच. पण दरबारीचा गंधार अधिक उतरलेला, संथ आंदोलन घेणारा. बागेश्रीचा गंधार त्याच्या जागी ठेवून पाहावा, म्हणजे दरबारीची सारी भव्यता एका क्षणात कोसळते. रेघ खोटे सांगत नाही, ती थोडे सांगते. उरलेले सांगण्याची जबाबदारी शिकवणाऱ्यावर असते.

नियम वाकवणारे कोण होते?

स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणारे आपल्या समर्थनार्थ नेहमी मोठ्या कलावंतांची नावे घेतात. ती घेणे रास्तच आहे. फक्त त्या कलावंतांनी नेमके काय मोडले आणि काय जपले, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांचे उदाहरण घ्यावे. घराण्याकडून आलेली विद्या अफाट होती, पण ऐन उमेदीत आवाज बिघडला. त्या बिघडलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी घडवली आणि तीतून जयपूर-अत्रौली घराण्याची आजची ओळख निर्माण झाली. अनवट आणि जोडराग हे या घराण्याचे भूषण. जोडराग म्हणजे दोन रागांची खिचडी नव्हे. पहिल्या रागातून दुसऱ्यात कोणत्या स्वरावरून शिरायचे, परत कोठून यायचे आणि सांधा दिसू न देता दोहोंची ओळख कशी राखायची, याचे बंधन साध्या रागापेक्षा तेथे कितीतरी अधिक कडक असते. म्हणजे स्वातंत्र्य वाढले तसतशी शिस्तही वाढली.

कुमार गंधर्वांची गोष्ट याहून बोलकी आहे. घराण्याची चौकट न मानणारा बंडखोर, अशी त्यांची प्रतिमा दीर्घकाळ टिकली. विलंबित ख्यालाची पायरीपायरीने होणारी ठरलेली बढत त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही, म्हणून त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. परंतु त्यांचे गुरू प्रा. बी. आर. देवधर हे पलुस्करांचे शिष्य. म्हणजे नियम आणि अभ्यासक्रम यांच्या परंपरेतच हा बंडखोर वाढला. १९४८ मध्ये क्षयाच्या आजारामुळे ते देवासला गेले. काही वर्षे गाणे बंद होते. त्या सक्तीच्या मौनात माळव्यातील लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली, आणि राग लोकधुनेतून कसा उगवतो, याचा शोध त्यांना लागला. त्यातूनच त्यांचे ‘धुनउगम’ राग जन्मले. लगनगंधार, संजारी, मालवती, मधसुरजा, सहेली तोडी अशी ही नावे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की यांतील प्रत्येक रागाला स्वतःचे चलन आहे, स्वतःची वर्ज्यावर्ज्यता आहे. त्यांनी नियम टाकून दिले नाहीत. नवे नियम शोधून काढले आणि मग ते काटेकोरपणे पाळले. १९६५ मध्ये त्यांनी ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध केला, तेव्हा आपल्या बंदिशी स्वरलिपीसह छापल्या. ज्या साधनाला अनेक जण कलेचा पिंजरा म्हणत होते, तेच साधन या बंडखोराने आपले धन पुढच्यांच्या हाती सोपवण्यासाठी वापरले.

किशोरी आमोणकर यांच्याविषयीही असेच म्हणता येईल. मातोश्री मोगूबाई कुर्डीकरांकडून त्यांना मिळालेली तालीम अल्लादियाखाँसाहेबांच्या परंपरेतली, लय आणि बंदिश यांचे बंधन कसून पाळणारी. पुढे त्यांनी या बंधनातील लयीचा ताण सैल केला, आलापाला अधिक अवकाश दिला आणि रागाच्या भावाला केंद्रस्थानी आणले. घराण्याच्या अभिमान्यांना हे रुचले नाही. पण रागाचा भाव अबाधित राहिला पाहिजे, या बाबतीत त्या स्वतः इतक्या कठोर होत्या की सनातन्यांनीही त्यांच्याकडून धडा घ्यावा.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. ज्यांनी नियम वाकवले, त्यांनी त्या नियमांची किंमत आधी पुरेपूर मोजली होती. दुसरे असे की त्यांनी सगळेच नियम एकदम वाकवले नाहीत. घराची कोणती भिंत काढली तर हवा-उजेड येतो आणि कोणत्या भिंतीवर आढे टेकलेले आहे, हे त्यांना ठाऊक होते. हे ठाऊक होण्यासाठी नियम नुसता माहीत असून भागत नाही. तो कशासाठी आहे, हे कळावे लागते.

पेटीची शिकवण

कारण खरे असूनही नियम चुकीचा ठरू शकतो, याचे उत्तम उदाहरण हार्मोनियमवरील बंदीचे आहे. १९४० मध्ये आकाशवाणीने आपल्या कार्यक्रमांतून पेटीला बाहेर काढले. यामागील कारण खोटे नव्हते. पेटीचे स्वर जागच्या जागी खिळलेले असतात. तिच्यावर मींड घेता येत नाही, दरबारीच्या गंधाराचे आंदोलन दाखवता येत नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग करून जुळवलेले तिचे स्वर तानपुऱ्याच्या गंधाराशी तंतोतंत मिळतही नाहीत. शास्त्राच्या दृष्टीने आक्षेप रास्त होता. पण या आक्षेपातून जो सरसकट निषेध निघाला, तो लक्ष्याकडे पाठ फिरवणारा होता. महाराष्ट्रात पेटी संगीत नाटकांच्या रंगभूमीवर आणि मैफलीत तोवर पक्की रुजली होती. १९११च्या ‘संगीत मानापमाना’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे यांनी त्या वाद्याला स्वतंत्र प्रतिष्ठाही मिळवून दिली होती. आकाशवाणीची बंदी सुमारे तीस वर्षे टिकली आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी शिथिल झाली. त्या काळात मैफलीतून पेटी गेली नाही. उलट मोठमोठे गवई तिच्या साथीवर गातच राहिले. गवयाचा स्वर कोठे सोडून द्यावा आणि कोठे नुसता आधार द्यावा, हे जाणणाऱ्या साथीदारांनी वाद्याची उणीव आपल्या विवेकाने भरून काढली. जे काम विवेकाचे होते, ते फतव्याने करू पाहिल्यामुळे नियम हास्यास्पद ठरला.

याच्या नेमके उलट चित्र आज दिसते. ध्वनिमुद्रणात गायकाचा स्वर आपोआप ‘दुरुस्त’ करणारी संगणकप्रणाली आता सर्रास वापरली जाते. ती स्वराला बारा ठरावीक जागांपैकी जवळच्या जागेकडे ओढते. तिला सैल सोडले नाही, तर मींड पायऱ्यांची होते आणि आंदोलन तिच्या लेखी चूक ठरते. ज्या कारणासाठी एके काळी पेटीवर बंदी आली, तेच कारण येथे कितीतरी अधिक जोराने लागू होते; कारण पेटी गाण्याच्या शेजारी बसत होती, हे यंत्र गळ्यातच शिरते. परंतु त्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढत नाही. पेटीला विरोध करताना आपण नियम पाहिला, माणसाचा विवेक पाहिला नाही. यंत्राला मुभा देताना सोय पाहिली, कारण पाहिले नाही. दोन्ही वेळी हुकलेली गोष्ट एकच.

परीक्षा कशाची घ्यावी?

मग संगीताच्या शिक्षणाने काय करावे? परीक्षा रद्द कराव्यात, असा टोकाचा सल्ला अधूनमधून दिला जातो. तो मान्य करण्यासारखा नाही. परीक्षा गेल्या तर घरात गाणे नसलेल्या मुलाला दिशा दाखवणारी एकमेव पाटी जाईल आणि विद्या पुन्हा ओळखीपाळखीच्या वर्तुळात शिरेल. प्रश्न परीक्षा असावी की नसावी, हा नाही. ती कशाची असावी, हा आहे.

आज परीक्षार्थी वहीत लिहून घेतलेले आलाप आणि मोजून पाठ केलेल्या ताना परीक्षकापुढे म्हणतो. वादी, संवादी, वर्ज्य स्वर आणि गानसमय तो घडाघडा सांगतो. त्याची स्मरणशक्ती सिद्ध होते. रागाशी ओळख झाली की नाही, हे अज्ञातच राहते. त्याऐवजी त्याला भूप आणि देसकार, किंवा मारवा आणि पूरिया, अशी एकाच स्वरांची जोडी द्यावी आणि पाच मिनिटांत गाऊन फरक दाखवण्यास सांगावे. तिघा वेगळ्या घराण्यांच्या गायकांचा एकच राग त्याला ऐकवावा आणि ते कोठे जुळतात, कोठे वेगळे होतात, हे विचारावे. यासाठी विशारद होण्याचीही गरज नाही. मध्यमेच्या मुलालाही हे जमावे, फक्त त्याला तसे शिकवलेले असले पाहिजे.

शिकवण्याची रीतही त्यासाठी थोडी बदलावी लागेल. भीमपलासीच्या आरोहात रिषभ आणि धैवत वर्ज्य, असे सांगून शिक्षक पुढे जातो. तेथे क्षणभर थांबून त्याने विद्यार्थ्याला तेच दोन स्वर आरोहात मुद्दाम लावायला सांगावे. भीमपलासी विरून काफी समोर उभा राहतो, हे मुलाच्या कानाला तत्काळ कळेल. नियम मोडल्यावर काय बिघडते, हे ज्याने एकदा स्वतः ऐकले, त्याला नियम पाळण्याची ताकीद पुन्हा द्यावी लागत नाही. शिवाय पुढे कधी तो नियम जाणूनबुजून ओलांडण्याची वेळ आलीच, तर आपण काय पणाला लावत आहोत, हेही त्याला ठाऊक असते. गुरुशिष्य-परंपरेचे सर्वांत मोठे सामर्थ्य यातच होते. गुरू नियम सांगे आणि कधी त्याच्या उलट गाऊनही दाखवी. छापील पुस्तक उलट गाऊन दाखवू शकत नाही.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. परीक्षकाला असा मोकळेपणा दिला, तर त्याच्या आवडीनिवडीला आणि घराण्याच्या दुराग्रहाला रान मोकळे मिळेल. निदान छापील निकषांमुळे अनोळखी विद्यार्थ्याला संरक्षण तरी मिळते. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या लहरीपणातून सुटण्यासाठी पलुस्कर-भातखंडे यांनी आयुष्य वेचले, तो मागच्या दाराने परत यावा, असे कोणालाच वाटणार नाही. यावर उपाय आहे. आशयाचे निकष मोकळे ठेवावेत आणि निवाड्याची रीत मात्र काटेकोर असावी. परीक्षक दोन असावेत आणि शक्यतो भिन्न परंपरांचे असावेत. गायन ध्वनिमुद्रित करावे, म्हणजे तक्रार आल्यास पुन्हा ऐकता येईल. आपण कोणत्या परंपरेतला राग गात आहोत, हे सांगण्याचा अधिकार परीक्षार्थीला असावा. कोमल धैवताचा ललित गायला म्हणून कोणाचे गुण कापले जाऊ नयेत आणि शुद्ध धैवताचा गायला म्हणूनही कापले जाऊ नयेत. भ्रमणध्वनीवर तासन्‌तास ध्वनिमुद्रण होते अशा काळात ही व्यवस्था अवघड किंवा खर्चिक मुळीच नाही.

दुसरा आक्षेप असा घेतला जाईल की कुमार गंधर्व किंवा किशोरीताई शतकातून एखाद-दुसरेच होतात. सामान्य विद्यार्थ्याला नियम पाठ असले तरी पुरे. वास्तविक सामान्य विद्यार्थ्यालाच कारणांची गरज अधिक आहे. प्रतिभावंत आपली वाट कशीही काढतो. परीक्षा देणाऱ्या हजारोंपैकी बहुतेक जण गवई होत नाहीत, श्रोते होतात. काही शिक्षक होतात. कोणता प्रयोग रागाला नवा अर्थ देतो आणि कोणता त्याची नुसती मोडतोड करतो, याचा निवाडा शेवटी हाच श्रोतृवर्ग करणार असतो. त्याला व्याख्या पाठ असल्या पण कान घडलेला नसला, तर तो पाठांतराला शास्त्र समजेल आणि उच्छृंखलपणाला प्रतिभा. मोठ्या कलावंताला स्वातंत्र्य घेता यावे, यासाठीही ते ओळखणारा समाज असावा लागतो.

शार्ङ्गदेवापासून भातखंड्यांपर्यंत आपल्या शास्त्रकारांनी एक विनय पाळला. आपण लिहितो ते गाण्यामागून चालणारे आहे, गाण्याला हाकणारे नाही, हे त्यांनी ओळखले होते. आणि ते ओळखूनही लिहिण्याचा कंटाळा त्यांनी केला नाही. त्यांचे वारस म्हणवणाऱ्या संस्थांनी त्यांचे नियम जपले, पण हा विनय जपण्यात त्या कमी पडल्या. ती उणीव भरून काढण्यासाठी नव्या विद्यापीठाची किंवा नव्या अनुदानाची आवश्यकता नाही. प्रत्येक नियमाबरोबर त्याचे कारण सांगायचे आणि ते विद्यार्थ्याच्या कानाला पटेपर्यंत पुढे जायचे नाही, एवढेच करायचे आहे. हे काम कोणत्याही शासकीय आदेशाची वाट न पाहता उद्याच्या तालमीपासून सुरू करता येईल.